बांधावरची तार

आमची कुत्री बांधावर आडवी पडली होती, तोंडात गवत घट्ट धरून. माझ्या सुनेला, रूपाला, आधी वाटलं झोपलीय. तिनं हाक मारली, ढेकूळ मारलं. मग जवळ गेली, तेव्हा केस जळाल्याचा वास आला.

ती तशीच माघारी पळत घरी आली. कापूस वेचायची चादर कुठं पडली तेही तिला सांगता येईना.

"आत्याबाई, काकांनी मक्याला करंट सोडलाय," ती म्हणाली आणि चुलीपाशी मटकन बसली. तिनं आपले दोन्ही पाय हातानं चाचपून पाहिले. जणू ते तिथं आहेत की नाहीत याची खात्री करत होती.

काका म्हणजे माझा धाकटा दीर कडुबा. चितेगावच्या पुढं पैठण रस्त्यापासून आत आमचं गाव. तिथं सासऱ्यांचं एकच रान होतं, त्याच्या दोन वाटण्या झाल्या. वरची माझ्या मालकांची, ते गेल्यावर आमची; खालची कडुबाची. आमच्या कापसाकडं जायला दुसरी वाट नाही. त्याच्या मक्याच्या बांधावरूनच जावं लागतं. रूपा रोज दिवस उगवायच्या आत त्या वाटेनं जायची, मागून मी भाकरी घेऊन. माझा मुलगा शांतवन कंपनीत कामाला, तो सुट्टीच्या दिवशी तेवढा वेचायला यायचा.

त्या साली रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. आसपासच्या जमिनी शहरातल्या लोकांनी घेऊन नुसत्या पडीक ठेवलेल्या. त्यात वेड्या बाभळी माजल्या आणि बाभळीत डुकरं. कडुबाचा दाण्यावर आलेला मका त्यांनी एका रात्रीत गाढव लोळल्यासारखा करून टाकला होता. त्यानं बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्यांची तोंडं बसवली आणि नडगीच्या उंचीवर एक उघडी तार भोवतीनं ओढली. तारेचं टोक पाण्याच्या मोटारीच्या पेटीत. आम्हाला वाटत होतं, नुसती भीती घालायला लावलीय.

शांतवन संध्याकाळी कामावरून आला. त्यानं कुत्रीला पुरलं, हात धुतले आणि म्हणाला, "माय, मी बिडकीनला जाऊन पोलिसात सांगतो. हे गुन्ह्याचं काम हाय."

"चुलत्याला बेड्या घालतो का?"

"मग रूपाला पुरू का कुत्रीसारखी?"

रूपा म्हणाली, "आपणच तोडून टाकू ती तार."

"तो परत लावील," मी म्हणाले. "आन् मग कुठं लावली ते आपल्याला ठावं नसंल."

आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपासून एक रीत होती. ते मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेले. घरातलं भांडण कधी चावडीवर गेलं नाही. मी नवी नवरी असताना सासूबाईंशी माझं वाजलं, चुलीतल्या राखेवरून असंल. दिवस मावळायच्या आत सासऱ्यांनी आम्हा दोघींना विहिरीवर धाडलं. एक घागर, तिला दोघींचे हात. घरी येईपर्यंत सासूबाईंच्या पायात माझा पाय अडकला, पाणी दोघींच्या अंगावर सांडलं, आणि त्या हसल्या. आम्ही ख्रिस्ती, बायबलला शास्त्र म्हणतो आणि चर्चला देऊळ. सासरे म्हणायचे, शास्त्र देवळात वाचायला नाही, उंबऱ्याच्या आत वापरायला दिलंय. भावाचं चुकलं तर आधी एकटं जाऊन त्याला सांगा. नाही ऐकलं तर दोघातिघांना संगं न्या. तरी नाही ऐकलं तर देवळातल्या मंडळीपुढं ठेवा. त्या आधी बाहेर तोंड उघडायचं नाही.

"मी एकटी जाते," मी शांतवनाला म्हणाले.

"जा. पर माझी बायको त्या बांधावर जाणार नाय."

"कापूस खाली गळायला लागलाय," रूपा म्हणाली. "न जाऊन कसं चालंल?"



*

कडुबा शेडच्या पुढं खाटेवर बसून कणसं सोलत होता. मला पाहून उठला नाही. बस म्हणाला नाही. माझ्या लग्नात हा आठेक वर्षांचा होता. वऱ्हाडाच्या बैलगाडीत माझ्या ट्रंकेवर बसून आलेला. आता केस पांढरे, गालात खड्डे.

"भावजी, कुत्री मेली आमची."

"समजलं."

"उद्या माणूस मरंल."

"दिवसा बंद असती तार. सांजच्याला चालू करतो, सकाळी बंद करतो. कुत्री रातीची हिंडत असंल. तिला कुणी सांगितलं रातीचं हिंडाया?"

"एखाद्या दिवशी राहिलं बंद करायचं, तर?"

तो हसला. "वहिनी, आजवर कधी माझं काम राहिलंय? तुम्ही आपलं शास्त्र सांगाया आलात व्हय? मग त्या डुकरांना बी सांगा की. म्हणावं, शेजाऱ्याच्या मक्याचा लोभ धरू नका."

मलाही हसू आलं असतं, पण माझं लक्ष तारेकडं होतं. ती शेडच्या कुडाला घासून गेली होती. दोन-तीन ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या होत्या, माणसाला दिसावं म्हणून. तेवढी काळजी त्यानं घेतली होती.

"काढून टाका, भावजी."

"मग मका काय तुमच्या शांतवनाच्या कंपनीतून आणू?" तो एकदम चिडला. "तुमच्या घरात पोरगा-सून कमावत्यात, खात्यात. इथं मी आन् द्वारका. पोरगं पुण्यात, वर्षात एकदा तोंड दाखवतं. जा तुम्ही. मला खुनी ठरवाया आल्यात."

द्वारका, माझी जाऊ, शेडच्या दारात उभी होती. तिनं माझ्यासाठी तांब्या भरून आणला होता. तो ओरडला तशी ती तांब्या घेऊन आत गेली. मी तहानलेलीच परतले.

नंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. रूपा आता ऊन चढल्यावर जायची. मी पुढं, ती माझ्या मागं. बांधाच्या अगदी कडेनं, आमच्या बाजूच्या उतारावर एक पाय ठेवून, तिरपं तिरपं. तार उजव्या हाताला. तिच्याकडं पाहत चालावं तर खाली ठेच लागायची, खाली पाहावं तर तार जवळ आल्यासारखी वाटायची. वारा सुटला की मक्याची पानं तारेला लागून खरखरायची आणि रूपा माझा दंड धरायची. वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकदार पाकळ्या तिच्या बोटात घुसायच्या. ओटीतल्या कापसावर रक्ताचे ठिपके दिसायचे. व्यापारी असला कापूस बाजूला काढतो, पण मी तिला बोलले नाही.

"आत्याबाई, स्वप्नात माझे पाय दिसत्यात," ती एकदा म्हणाली. "नुसते पाय. बांधावर उभे."

*

एकटं जाऊन झालं होतं. मी आमच्या मंडळीतले पंच मोतीरामदादा यांना गाठलं. दुसरे साक्षीदार म्हणून नानासाहेबांना विचारलं. नानासाहेब पाटलांच्या घरातले. आमच्या मंडळीतले नाहीत, पण त्यांचं रान कडुबाच्या खालच्या अंगाला लागून. त्यांचे गडीही त्या बाजूनं ये-जा करत. मला वाटलं, दोघंही जाणती माणसं, शांतपणे सांगतील.

चूक तिथंच झाली. शास्त्रात दोन माणसं न्या असं आहे, पण आमच्या भागात दोन पुरुष एका बाईसंगं कोणाच्या बांधावर जाऊन उभे राहिले, की त्याला एकच नाव असतं, पंचनामा. पंच उभे राहिले की मागून मोजणीवाला येतो, नाही तर पोलीस येतो. त्यातून मोतीरामदादांनी स्वच्छ पांढरं धोतर नेसलेलं. नानासाहेबांनी मोबाईल काढून तारेचा फोटो घेतला. कशाला घेतला, देव जाणे.

कडुबा मक्यातून बाहेर आला. त्यानं आम्हा तिघांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. 

"कडुबा, आम्ही भांडाया आलो नाय," मोतीरामदादा म्हणाले.

"मग फोटो कशाला?"

"अरे, असाच," नानासाहेब म्हणाले. "तार चांगली ओढलीस. पर कायद्यानं सहा-सहा वर्षं आत टाकत्यात लोकांना. सांगून ठेवतो."

"वहिनी," कडुबा माझ्याकडं वळला, "तुम्ही माझ्यावर पंच आणले?"

"समजावाया आणलं, भावजी. शास्त्रात..."

"मला शास्त्र माहीत हाय!" त्याचा आवाज चिरकला. "काढतो. काढतो तार. जावा आता."

दुसऱ्या दिवशी रूपा सकाळीच हसत आली. "आत्याबाई, खुंट्या नायत! चिंध्या बी नायत. काढली काकांनी."

त्या दिवशी रूपानं पोटभर जेवण केलं. शांतवन म्हणाला, "बरं झालं, तुझं ऐकलं." मी देवाचे आभार मानले, डोळे मिटून, मनापासून.

हंगामाच्या सणाला एक दिवस उरला होता. रविवारी सगळ्यांनी आपापल्या रानातलं काही ना काही देवळात न्यायचं. मला पहिल्या वेच्यातला कापूस न्यायचा होता, चांगला, डाग नसलेला. शनिवारी रूपा घरी सारवत होती, म्हणून मी एकटीच निघाले. दव पडलं होतं. बांधावरचं गवत माझ्या नडगीपर्यंत वाढलेलं. बऱ्याच दिवसांनी मी मधोमध, सरळ चालत होते.

पुढं गवतात एक तितर पडलेलं दिसलं. पंख पसरलेले. मी थांबले, आणि मग मला त्याच्या छातीखालून गेलेली तार दिसली. ती गवतात, जमिनीपासून बोटभर वर, लहान लहान खुंट्यांवर ओढली होती. चिंधी नाही, काही नाही. ती माझ्या पायापासून हातभर पुढं होती आणि तिथून वळून माझ्या डाव्या बाजूनं मागं गेली होती. कुठपर्यंत, ते गवतात दिसत नव्हतं. मी तिला ओलांडून आले होते की काय, तेही मला कळेना.

मी हलले नाही. ओलं लुगडं पायाला चिकटलं होतं. लघवी झाली तीही मला नंतर समजली. प्रार्थना करायला गेले तर शब्द आठवेनात, नुसतं 'बापा, बापा' एवढंच येत होतं.

"हलू नको! अक्का, हलू नको!"

द्वारका होती. खालच्या अंगानं लंगडत पळत येत होती. तिचा गुडघा गेलेला. ती माझ्याकडं आली नाही. मोटारीच्या पेटीकडं गेली, दार उघडलं, फ्यूज ओढून काढला आणि तो हातात धरून तिथंच धपकन बसली.

"ये आता," ती म्हणाली.

मला पाय उचलता येईना. मग तीच उठून आली आणि माझा हात धरून मला बांधावरून खाली घेतलं. आम्ही दोघी आमच्या कापसाच्या पऱ्हाटीत बसलो.

"तो म्हणला, काढली," मी म्हणाले.

"त्याला वाटतं, त्यानं काढली." द्वारका फ्यूजकडं बघत होती. "पंच आले त्या राती त्यानं ती खाली गवतात लावली, लपवाया. सकाळी म्हणला, द्वारके, मी तार काढून टाकली. मी म्हणलं, मग पेटीत काय हाय? तर माझ्याकडं येड्यासारखा बघत राहिला. अक्का, तो इसरतो. लई दिवस झाले. चहा पिऊन परत चहा मागतो. तार बंद केली म्हणतो आन् चालूच असती. म्हणून मीच रोज दिवस उगवायच्या आत येऊन बंद करते. आज गुडघ्यानं उठू दिलं नाय."

"म्हणजे रूपा रोज..."

"रूपाच्या आधी मी येते. रोज येते," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तुम्हाला तुमची एक भीती. मला रूपाची, तुझी, त्याची, सगळ्यांची."

"फ्यूज घरी घेऊन जा."

"नेला व्हता. त्यानं उघडी तार घालून चालू केली. हात भाजला त्याचा. कशानं भाजला तेही आठवंना." तिनं माझे पाय धरले. "अक्का, मंडळीत सांगू नको. तो वाईट हाय म्हण, डुकराच्या जातीचा हाय म्हण, पर इसरतो म्हणू नको. पोरगं पुण्याहून येईल, जमीन इकील, आन् याला एका खोलीत कोंडून ठेवील. तिथं तो मरंल."

मी तिला काही कबूल केलं नाही. नाही असंही म्हणाले नाही.

*

रविवारी देऊळ भरलं होतं. वेदीपुढं भोपळे, तुरीच्या ओल्या शेंगा, पपया, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. मोतीरामदादा दरवर्षी एकच कोंबडी पुन्हा पुन्हा देवळाला परत देऊन तिची बोली वाढवायचे आणि लोक हसायचे. कडुबा धुतलेल्या सदऱ्यात, मक्याच्या कणसांची पाटी घेऊन आला होता. पाटी ठेवून तो माझ्यासमोरून गेला आणि म्हणाला, "सलाम, वहिनी." काही झालंच नाही असा.

तार अजून तिथंच आहे, एवढं मी आदल्या रात्री शांतवनाला सांगितलं होतं. तो माझ्या कानात म्हणाला, "आज तू बोलली नायस, तर उद्या मी बिडकीनला जातो."

बायकांच्या बाजूला द्वारका माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

शहरातून मोटारसायकलवर येणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "हंगामाबद्दल कोणाला उपकारस्तुतीची साक्ष द्यायची आहे का?"

मी उभी राहिले. द्वारकेच्या मुठीतून पदर सुटला.  लोकांना वाटलं, सारजाबाई दरवर्षीप्रमाणं कापसाबद्दल दोन शब्द बोलणार.

"काल मी मेले असते," मी म्हणाले. मग सांगितलं सगळं. कुत्री, तार, पंच, गवतातलं तितर. आणि शेवटी, "भावजी तार बंद करायची इसरत्यात. त्यांना आठवत नाय. ते खोटं बोलत नायत, त्यांना आठवत नाय. मी एकटी जाऊन सांगितलं. दोघांना घेऊन सांगितलं. आता मंडळीला सांगते. मला भ्या वाटतं."



कडुबा उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. "पाळकसाहेब, तार मी कवाच काढली. गुंडाळून शेडात ठेवलीय. माझं व्हय म्हंजी व्हय. आजवर इथं कुणाशी खोटं बोललोय का, इचारा."

हे सगळ्यांना माहीत होतं. कडुबा खोटं बोलत नाही. लोक माझ्याकडं बघायला लागले. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "दीर-भावजयीचं जुनंच हाय, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून." कुणी तरी हसलं. "म्हातारीला भास झाला असंल," असंही ऐकू आलं. माझे कान तापले. मी बसावं की उभं राहावं, कळेना.

तेव्हा द्वारका उठली. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. नवऱ्याकडं न पाहता ती म्हणाली, "एकदा बघून तरी या."

एवढंच. पण कडुबानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा हात हळूच बाकाच्या पाठीवर गेला, आधारासाठी.

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. "लिलाव नंतर," ते म्हणाले. "आधी जाऊन येऊ."

*

बाया-माणसं, सणाच्या कपड्यांत, एका ओळीत बांधापाशी आली. पुढं शांतवन, हातात टेस्टर आणि वाळका बांबू. कडुबा त्याच्या बरोबरीनं चालत होता आणि सांगत होता, "बघ की. काय बी नाय. उगा माझी बदनामी."

शांतवनानं बांबूनं गवत बाजूला केलं. तार दिसली. तितर अजून तिथंच होतं, मुंग्या लागलेलं.

"ही जुनी हाय," कडुबा म्हणाला. "मेलेली तार. हे बघ." आणि तो वाकला, हात पुढं करून.

रूपा किंचाळली. शांतवनानं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं मागं पऱ्हाटीत कोसळले. कडुबा खाली पडल्यापडल्या ओरडत होता, "सोड! दाखवतो ना मी! सोड!"

शांतवन उठला.  त्यानं टेस्टर तारेला लावला आणि ऊन अडवायला दुसऱ्या हाताची ओंजळ केली. "काका, इकडं या. बघा."

कडुबा गुडघ्यांवर रांगत आला. ओंजळीत डोकावला. आत लाल ठिपका पेटला होता.

 मोतीरामदादा पेटीकडं गेले आणि फ्यूजच्या जागी कडुबानं आदल्या रात्री पुन्हा घातलेली उघडी तार लाकडानं उपटून टाकली. ठिपका विझला. तरी कडुबा ओंजळीत बघतच होता.

"मी तर काढली म्हणलो. व्हय म्हणलो," तो म्हणाला.

 माणसांनी खुंट्या उपटल्या, तार गुंडाळली. पाळकसाहेब म्हणाले, आळीपाळीनं मंडळीतली माणसं मक्याची राखण करतील, आजपासून. मोतीरामदादांनी मान हलवली. नानासाहेबांचे गडी मदतीला येतील का, ते विचारू म्हणाले. सगळे मोकळा श्वास घेऊन बोलायला लागले. कोणी तरी लिलावाची आठवण काढली. लोक निघाले.

"थांबा," कडुबा म्हणाला.

तो जागचा उठला नव्हता. त्याच्या सदऱ्याला माती लागली होती. त्यानं मक्याकडं पाहिलं, मग आमच्या कापसाकडं, मग खाली विहिरीच्या वाटेकडं. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ. रूपाच्या चेहऱ्यावर इतके दिवस मी पाहिलेली भीती आता त्याच्या चेहऱ्यावर होती.

"वहिनी," तो म्हणाला, "आणखी कुठं लावली असंल तर?"

"लावलीय का, भावजी?"

"मला ठावं नाय."

पुढं निघालेली माणसं ऐकून जिथल्या तिथं थांबली. एक बाई उचललेला पाय खाली ठेवायला तयार होईना. तिनं पुढच्या बाईचा खांदा धरला. रूपानं आपल्या पायांकडं पाहिलं. खांबावरून गावात गेलेल्या तारा डोक्यावर होत्या, आणि त्यांतून वीज घ्यायला कुठं आकडा टाकला असंल, हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो मातीत बसून माझ्याकडं बघत होता.

मी त्याचा हात धरून त्याला उठवलं. त्याची बोटं थंडगार होती, तळव्यावर भाजल्याचा डाग. शांतवन पुढं झाला आणि बांबूनं एक एक पाऊल गवत दाबून बघायला लागला. त्यानं ठेवला तिथं मी पाय ठेवायची, मी ठेवला तिथं कडुबा, आणि त्याच्या मागं सगळी मंडळी.  दर पावलाला कडुबा मला विचारत होता, "इथं नसंल ना, वहिनी? इथं नसंल ना?"

"ठावं नाय, भावजी," मी म्हणत होते. "पाय उचला."